काळीची परतफेड



या स्मृतिव्याख्यानासाठी आपण मला पाचारण केलेत, याबद्दल मी संस्थेचा मनःपूर्वक आभारी आहे. ज्या गुरुजनांच्या स्मरणार्थ ही व्याख्याने होतात, त्यांनी तेलुगू आणि उर्दूच्या शेजारात मराठी शाळा चालवली आणि टिकवली. अशा व्यासपीठावरून मराठीच्या जुन्या प्राध्यापकाने संतवाङ्मयावर किंवा नवकाव्यावर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणे साहजिक आहे. मी मात्र आज कोळशाच्या खुल्या खाणींविषयी आणि त्या खाणी संपल्यानंतर उरणाऱ्या शेतीपाण्याविषयी बोलणार आहे. मी भूगर्भशास्त्रज्ञ नाही, खाण-अभियंताही नाही. पण शब्दांचा अभ्यास हे माझे आयुष्यभराचे काम, आणि या प्रश्नाचा मोठा भाग शब्दांतच गुंतलेला आहे, असे माझे मत बनले आहे. ते आपल्यापुढे मांडण्याची अनुज्ञा असावी.

आपल्या जुन्या मराठीत गावाचे दोन भाग मानले जात : पांढरी आणि काळी. पांढरी म्हणजे वस्तीची जागा, काळी म्हणजे पिकाची जमीन. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गावगाडा' या ग्रंथात या दोन्ही संज्ञा आपणांस भेटतात. या जोडशब्दात एक संपूर्ण अर्थव्यवस्था सामावलेली आहे. पांढरी जगते ती काळीच्या आधाराने. घर पडले तर पुन्हा बांधता येते, गाव उठला तर दुसरीकडे वसवता येतो. काळी मात्र कोणी बांधलेली नसते, आणि म्हणून ती गेली तर कोणाकडून बांधून घ्यावी, हेही ठरलेले नसते. आजच्या व्याख्यानाचा विषय एका वाक्यात सांगायचा तर तो हाच की, कोळशासाठी घेतलेली काळी परत कोणी द्यायची, कशी द्यायची, आणि ती परत मिळाली हे ओळखायचे कशावरून?

हा प्रश्न हैदराबादकरांना दूरचा वाटू नये. वर्धा नदी वैनगंगेला मिळते, तेथून पुढे तिला प्राणहिता म्हणतात आणि ती गोदावरीत विलीन होते. या नद्यांच्या खोऱ्यात चंद्रपूर-वणीपासून रामगुंडम, कोत्तागुडमपर्यंत गोंडवन काळातील खडकांचा पट्टा पसरलेला आहे. नकाशावर त्याची दोन राज्यांत वाटणी झाली आहे, जमिनीखाली तशी वाटणी नाही. ज्या राजुरा तालुक्यात आज सास्तीची खुली खाण आहे, तो तालुका १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. सिंगरेणीची कथा आपणांस परिचित आहेच. १८७१ साली भारतीय भूगर्भ सर्वेक्षण विभागाचे डॉ. विल्यम किंग यांना येल्लंदूच्या परिसरात कोळसा आढळला. १८८६ साली हैदराबाद (डेक्कन) कंपनीने उत्खननाचे हक्क मिळवले. १९२० साली आजच्या नावाची सिंगरेणी कंपनी अस्तित्वात आली. हैदराबादच्या वैभवाला या कोळशाचा हातभार लागलेला आहे, आणि आजही या दिवाणखान्यातील दिव्यांमागे त्याचा वाटा आहे. म्हणून जे बोलायचे ते कोळशाचे ऋण मान्य करूनच बोलले पाहिजे.

पहिल्या शंभर वर्षांत आपल्याकडचा कोळसा मुख्यतः भूमिगत खाणींतून निघत असे. माणसे खाली उतरत, वर शेत तसेच राही. क्वचित जमीन खचे, भेगा पडत, विहिरी आटत. पण शेतकऱ्याच्या पायाखाली शेत असे. सिंगरेणीत १९७५ साली रामगुंडम येथे खुल्या पद्धतीने खोदकाम सुरू झाले. आज देशातील कोळशाच्या उत्पादनाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग खुल्या खाणींतून येतो. खुली खाण स्वस्त पडते, तिच्यात अधिक कोळसा हाती लागतो, आणि छत कोसळून माणसे दगावण्याचा भूमिगत खाणीतला धोका तिच्यात नसतो. हे लाभ खरे आहेत. त्यांची किंमत मात्र खाणकामगाराऐवजी जमिनीने मोजली.

खुल्या खाणीत कोळशाच्या वरचे सारे काही प्रथम बाजूला करावे लागते. वरची काळी, तिच्याखालचा मुरूम, पिवळी माती, वालुकाश्म हे सर्व सुरुंग लावून, यांत्रिक फावड्यांनी उचलून ढिगाऱ्यावर टाकले जाते. या साऱ्याला खाणशास्त्रात एकच नाव आहे : ओव्हरबर्डन. खाण परिसरातील आपली मराठी माणसेही आता त्याला 'ओबी' म्हणतात. मित्रहो, या शब्दापाशी क्षणभर थांबू या. कोळशाकडे डोळे लावून बसलेल्या माणसाला वरची माती हे ओझे वाटते. शेतकऱ्याच्या भाषेत त्याच उभ्या कापात काळी आहे, मळई आहे, मुरूम आहे, पाझर आहे. प्रत्येकाचे स्थान आणि काम वेगळे. 'ओझे' म्हटले की हे भेद पुसले जातात, आणि नावात पुसलेला भेद पुढे ढिगाऱ्यातही पुसला जातो. वरची माती खाली जाते, खालचा दगड वर येतो. शब्दातली बेपर्वाई अशी जमिनीवर उतरते.

आपल्या खोऱ्यातील काळी कापूस, तूर, ज्वारी आणि आता सोयाबीन पिकवते. ती ओल धरून ठेवते, उन्हाळ्यात भेगाळते आणि त्या भेगांतून स्वतःलाच खालीवर करीत राहते. पावसानंतर ती ना चिखल ना ढेकूळ अशा स्थितीत येते. तिला आपण वाफसा म्हणतो. वाफसा हा शब्द मला मराठीतील अत्यंत अचूक शब्दांपैकी एक वाटतो. कुळवाचे पाते केव्हा चालवावे हे त्यावर ठरते. ही माती खोदून उंच ढिगात वर्षानुवर्षे साठवली, तर आतल्या थराला हवा मिळत नाही, तिच्यातील सूक्ष्मजीव आणि मुळांशी सहवास करणाऱ्या बुरशा क्षीण होतात. पुढे ती पसरताना अवजड यंत्रांची चाके तिच्यावरून फिरली की ती दाबली जाते. रंग काळा राहतो, पण पाणी आत मुरत नाही, मूळ खाली उतरत नाही आणि वाफसा म्हणून येत नाही. दिसायला शेत, पण नांगराला नाही, असे काहीतरी तयार होते.

पाण्याची गत याहून अवघड आहे. खाण ही त्या परिसरातील सर्वांत खोल विहीर होते. आजूबाजूच्या वालुकाश्मातील पाणी तिच्याकडे वाहू लागते. खाण कोरडी ठेवण्यासाठी ते अहोरात्र उपसून नाल्यात सोडावे लागते. गावच्या विहिरींची पातळी उतरते, उथळ विहिरी प्रथम आटतात. उपसा थांबल्यावर खड्डा हळूहळू भरतो. परंतु खाणीत परत टाकलेला भराव हा मूळ खडक नसतो. त्यातून वाहणारे पाणी निराळ्या वाटेने जाते आणि क्षार विरघळवीत जाते. खडकात लोहगंधक असेल तर हवापाण्याच्या संयोगाने ते आम्लही बनवते. म्हणजे विहिरीत पाणी परत आले तरी ते पूर्वीचेच पाणी असेल, याची हमी नाही.

येथे एक प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. काढलेली माती पुन्हा खड्ड्यात टाकली की काम संपले नाही का? त्याचा हिशेब असा आहे. खाण पट्ट्यापट्ट्याने पुढे सरकते. पहिल्या पट्ट्याची माती टाकायला जागाच नसते, म्हणून तिचा बाहेर डोंगर होतो. दुसऱ्याची माती पहिल्या खड्ड्यात, तिसऱ्याची दुसऱ्या खड्ड्यात, असे करीत शेवटच्या पट्ट्यापाशी आले की तो खड्डा रिकामा राहतो. त्याला भरणारी माती कित्येक मैल मागे, पहिल्या डोंगरात असते. तो डोंगर वाहून आणणे खर्चाचे, आणि तोवर कोळसा संपल्याने उत्पन्नही संपलेले. म्हणून गावाच्या एका टोकाला डोंगर आणि दुसऱ्या टोकाला खोल तळे, अशी नवी भूगोलाची धडी शिल्लक राहते. याचा अर्थ असा की, परतफेडीचा विचार खाण संपताना करून चालत नाही. पहिले फावडे लागण्यापूर्वी तो झालेला असला तरच काही होऊ शकते.

आता कायद्याच्या भाषेकडे वळू. १९५७ च्या कोळसाधारक क्षेत्र अधिग्रहण कायद्यानुसार जमीन घेतली की ती सर्व बोजांपासून मुक्त होऊन पूर्णतः केंद्र सरकारकडे निहित होते आणि पुढे सरकारी कंपनीकडे देता येते. शेतकऱ्याला मिळते ती नुकसानभरपाई. कोळसा काढून झाल्यावर जमीन मूळ मालकाला परत करावी, असे बंधन या कायद्यात नाही. २०२२ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने कोळसा संपलेल्या अशा जमिनींच्या वापराचे धोरण मंजूर केले. त्यातही मालकी सरकारी कंपनीकडेच राहते आणि जमीन ठरावीक उपयोगांसाठी भाडेपट्ट्याने देता येते. 'भरपाई' आणि 'परतफेड' हे दोन शब्द मराठीत वेगळे आहेत आणि ते वेगळेच राहिले पाहिजेत. हरवलेल्या किंवा मोडलेल्या वस्तूची भरपाई होते. उसन्या घेतलेल्या वस्तूची परतफेड होते. भरपाई दिली की नाते संपते; परतफेड होईपर्यंत नाते टिकते. आपल्या कायद्याने काळीला मोडलेली वस्तू मानले, उसनी वस्तू मानले नाही.

दुसरी वाट असू शकते, याचे एक मोठे उदाहरण अमेरिकेचे आहे. तेथेही अनेक दशके कोळसा काढून ओसाड जमीन मागे टाकण्याची रीत होती. १९७२ साली वेस्ट व्हर्जिनियात बफेलो क्रीक येथे कोळशाच्या गाळाचा बांध फुटून १२५ माणसे मृत्युमुखी पडली आणि लोकमत पेटले. ३ ऑगस्ट १९७७ रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी भूपृष्ठावरील खाणकामाचे नियंत्रण आणि जमिनीची पुनर्स्थापना यांविषयीच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. त्या कायद्यात उत्तम शेतजमिनीसाठी स्वतंत्र नियम आहेत. खोदण्यापूर्वी मातीचे सर्वेक्षण करायचे. मातीचे थर वेगवेगळे काढायचे, वेगवेगळे ठेवायचे आणि त्याच क्रमाने परत घालायचे. मुळांसाठी साधारणतः ४८ इंच खोलीची माती परत द्यायची. खाणमालकाने आधीच तारण ठेवायचे, आणि ते मोकळे व्हायचे असेल तर किमान तीन वर्षांचे पीक घेऊन दाखवायचे; त्याची सरासरी न खोदलेल्या तशाच जमिनीच्या उत्पन्नाइतकी भरली पाहिजे. पाण्याच्या बाबतीतही, खाणीमुळे कोणाचा पाणीपुरवठा बिघडला तर तो खाणमालकाने पुन्हा उपलब्ध करून द्यायचा.

या नियमांतील मर्म मला असे दिसते की, तेथे शेत परत मिळाले की नाही, हे अधिकारी डोळ्यांनी पाहून ठरवत नाही, कंपनीही अहवाल लिहून ठरवत नाही. ते पीक ठरवते. साक्षीदार म्हणून कणसाला उभे केले आहे.

तेथे सारे सुरळीत झाले, असे मात्र नाही. इलिनॉय राज्यात मक्याच्या उत्तम जमिनी परत घालताना माती पुरेशी होती, क्रमही बरोबर होता, तरी कित्येक ठिकाणी मका उतरेना. माती ओढून पसरणाऱ्या अवजड यंत्रांनी ती दाबली गेली होती. तेथील विद्यापीठाच्या संशोधकांनी वर्षानुवर्षे प्रयोग केले आणि निष्कर्ष काढला की, परत घातलेल्या मातीवरून चाके कमीत कमी फिरावीत. दाबली गेलीच तर चार फुटांपर्यंत खोल नांगरट करावी लागते. म्हणजे आपल्या शेतकऱ्याच्या भाषेत वाफसा मोडला होता आणि तो परत आणायला शास्त्रज्ञांना खपावे लागले. दुसरे वैगुण्य तारणाचे. काही बड्या कंपन्यांना केवळ स्वतःच्या पतीवर हमी देण्याची मुभा होती. २०१५-१६ मध्ये अशा कंपन्या दिवाळखोरीत निघाल्या, तेव्हा त्या हमीचे मोल काय, हा प्रश्न उभा राहिला. यातून घ्यायचा बोध स्पष्ट आहे : कायदा चांगला असला तरी तारण रोख हवे आणि माती घालणारा हात मातीचा जाणकार हवा.

आपल्याकडे काहीच झाले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २००९ साली केंद्र सरकारने कोळसा खाणी बंद करण्याच्या आराखड्यासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे काढली. खुल्या खाणीसाठी हेक्टरी सहा लाख रुपये या पायाभूत दराने रक्कम वेगळ्या खात्यात ठेवण्याचे बंधन घातले. पुढे त्यात सुधारणा होत गेल्या. ८ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने, ज्या पीठाचे प्रमुख नागपूरचे सुपुत्र तत्कालीन सरन्यायाधीश शरद बोबडे होते, असा आदेश दिला की खाणकाम संपल्यावर जमिनीवर पुन्हा गवत उगवावे आणि ती चारा, वनस्पती व प्राणिजीवन यांस योग्य व्हावी, ही अट खाणपट्ट्यात घालावी. तमिळनाडूत नेवेली येथे लिग्नाइटच्या खाणीतील भरावावर तेथील कृषी विद्यापीठाच्या साहाय्याने भातासारखी पिके घेण्याचे प्रयोग झाले आहेत. तेथे खाणीखाली दाबाखालचे भूजल असून ते सतत उपसावे लागते. अशा कठीण जागी पीक उभे राहू शकते, तर वर्धा-गोदावरीच्या खोऱ्यात ते अशक्य का मानावे?

परंतु आपल्याकडे पुनर्स्थापना म्हणजे बहुतेक ठिकाणी वृक्षारोपण. ढिगाऱ्यावर झाडे लागतात, उपग्रहाच्या चित्रात हिरवा रंग दिसतो आणि त्या रंगाची टक्केवारी अहवालात जाते. झाडे लावणे चांगलेच. ढिगारा धुपण्यापासून वाचतो, धूळ कमी होते. पण ज्याचा कापसाचा तुकडा गेला, त्याला हिरवा रंग देणे ही परतफेड नव्हे. शेत घेतले होते, तर शेत परत हवे; विहीर घेतली होती, तर पाणी परत हवे.

यावर एक रास्त आक्षेप आहे, आणि तो टाळून पुढे जाणे योग्य नाही. शेतकरी स्वतःच जमीन देण्यास उत्सुक असतात, असे म्हटले जाते. ते खरेही आहे. कोल इंडियाच्या धोरणात दोन एकरांमागे एक नोकरी असे प्रमाण आहे. कोरडवाहू शेतीच्या विवंचनेत सापडलेल्या कुटुंबाला ती नोकरी म्हणजे सुटका वाटते. तिला नावे ठेवण्याचा अधिकार शहरात बसलेल्या आपल्यासारख्यांना नाही. तरीही हिशेब पुरता मांडला पाहिजे. नोकरी एका माणसाला, एका हयातीपुरती मिळते. शेत किती पिढ्यांचे असते, हे सांगण्याची गरज नाही. निवृत्तीच्या दिवशी त्या कुटुंबाकडे नोकरीही नसते आणि शेतही नसते. म्हणून नोकरी ही काळीची किंमत न मानता, काळी परत येईपर्यंतचे भाडे मानावे. भाडे दिल्याने वस्तू आपली होत नाही, हा व्यवहार मराठी माणसाला ठाऊक आहे.

मग आपण काय करू शकतो? परतफेड मागायची तर आधी उसनवारीची नोंद लागते. महाराष्ट्रात सातबारा आहे, तेलंगणात पहाणीपत्रक चालत आले. जमीन कोणाची, पीक कोणते, पाणी कशाचे, हे त्यांत सापडते. पण काळीची खोली किती हात, तिच्याखाली काय लागते, विहिरीला चैत्रात किती पाणी आणि आश्विनात किती, ओढा कोणत्या महिन्यापर्यंत वाहतो, पाणी गोडे की मचूळ, एकरी कापूस किती उतरतो, हे सातबारा सांगत नाही. ते गावातील वृद्धांना ठाऊक असते आणि गाव उठताच ते ज्ञान विखुरते. दहा-वीस वर्षांनी कंपनी म्हणते, जमीन पूर्ववत केली. 'पूर्व' काय होते हे सांगणारा कागद कोणापाशीच नसतो. अमेरिकेतील कायदा जेथे चालला, तेथे तो यामुळे चालला की खोदण्यापूर्वीचे माप लिहून ठेवलेले होते.

या सभागृहात अभियंते आहेत, वकील आहेत, शिक्षक आहेत. सिंगरेणीच्या वा चंद्रपूरच्या पट्ट्यात ज्यांचे नातेवाईक आहेत असेही अनेक असतील. माझी नम्र सूचना अशी की, शाळेने माजी विद्यार्थ्यांच्या साहाय्याने, खाणीसाठी अधिसूचित झालेल्या पण अद्याप न खोदलेल्या गावांपैकी दोन-चार गावे निवडावीत आणि तेथील काळीची व पाण्याची नोंदवही तयार करावी. विद्यार्थ्यांनी सुटीत जावे, दोरीला दगड बांधून विहिरीचे पाणी मोजावे, वर्षातून चार वेळा मोजावे, शेतकऱ्यांचे शब्द त्यांच्याच बोलीत उतरवून घ्यावेत, तारीख आणि शेताचा क्रमांक घालावा, ग्रामसभेपुढे वाचून दाखवावे आणि एक प्रत गावात, एक शाळेत ठेवावी. जाणकार वकिलांनी ती कोणत्या कार्यालयात दाखल करावी हे पाहावे. यास मोठा निधी लागत नाही. यातून मराठीचाही लाभ होईल; ढेकळाच्या, पाझराच्या, उमाळ्याच्या किती तरी शब्दांची नोंद कोशांत अजून व्हायची आहे. मुख्य लाभ मात्र त्या गावाचा. उद्या कोणी ढिगाऱ्यावरची झाडे दाखवून 'ही घ्या तुमची जमीन' म्हणाला, तर गावाला वही उघडता येईल.

कोळसा केव्हा तरी संपेल, किंवा जगाला त्याची गरज उरणार नाही. दोन्हींपैकी काहीही आधी झाले तरी खाणी बंद होतील आणि त्यांच्या काठी माणसे राहतीलच. त्यांना काय मिळेल, हे तेव्हा ठरणार नाही. ते आज, खोदण्यापूर्वीच्या कागदांवर ठरत आहे. त्या कागदांत काळीला 'ओझे' न म्हणता 'उसनी घेतलेली काळी' असे लिहिले जावे, एवढा आग्रह धरण्याचे सामर्थ्य सुशिक्षित समाजात असायला हवे. ज्या शाळेने परक्या मुलखात आपली भाषा जपली, तिला जपणुकीचे मोल नव्याने सांगायला नको.